श्राव्यातीत मोटर : घर्षणाकडून काम करून घेण्याची विद्या

विजेवर चालणारी मोटर म्हटली की तांब्याच्या तारेची वेटोळी, लोखंडी गाभा आणि त्यांच्या योगाने उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र ही त्रयी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते; आणि घरातील पंख्यापासून शेतावरील पंपापर्यंत व पिठाच्या गिरणीपासून लोकलगाडीपर्यंत आपला सारा व्यवहार याच त्रयीच्या आधाराने चालत असल्यामुळे, मोटरीला याखेरीज दुसरे काही रूप असू शकेल अशी कल्पनादेखील सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि जिच्यात वेटोळे नाही, चुंबक नाही, जिच्या गतीचा कंप कानाला ऐकू येत नाही, आणि वीज तोडताच जी आहे त्या जागी घट्ट उभी राहते, अशी मोटरीची एक निराळी जात गेल्या चाळीस वर्षांत कॅमेऱ्यांच्या भिंगांत, सूक्ष्मदर्शकांच्या पीठिकांत आणि रुग्णालयांतील उपकरणांत कामाला लागलेली आहे. तिला श्राव्यातीत दाबविद्युत् मोटर असे म्हणतात. तिचे कार्य कसे चालते, कोणत्या कामी तिची योजना करावी व कोणत्या कामी करू नये, आणि एकदा ती पदरी घेतल्यावर तिची निगा कशी राखावी, याचे विवेचन अभियांत्रिकीचे विद्यार्थी, प्रयोगशाळांचा कारभार पाहणारी मंडळी, लहान यंत्रे घडविणारे कारागीर आणि छायाचित्रकार या सर्वांना उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

या मोटरीसंबंधी एकच गोष्ट ध्यानी धरावयाची असेल तर ती ही, की इतर यंत्रांत घर्षण हा शत्रू मानला जातो आणि त्याचा अंमल कमी करण्याकरिता तेल, ग्रीस व बेअरिंग यांचा बंदोबस्त करावा लागतो; या यंत्रात मात्र घर्षण हाच चाकर आहे, त्याच्याच हातून सारे काम करून घेतले जाते, आणि म्हणून मोटरीचे गुण, तिच्या मर्यादा व तिच्या निगेचे नियम ही तिन्ही घर्षणाच्याच पोटातून निघतात. हे सूत्र मनात पक्के बसले म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील आकड्यांचा अर्थ लावणे आणि त्यांतून आपल्या कामापुरता निर्णय करणे फारसे कठीण राहत नाही.

दाबाने वीज, विजेने हालचाल

गॅसची शेगडी पेटविण्याचा लायटर बहुतेक स्वयंपाकघरांत असतो. त्याचा खटका दाबत गेले की आतील स्प्रिंग आवळली जाते, एका क्षणी ती सुटते, आणि तिच्या टोकाचा चिमुकला हातोडा सिरॅमिकच्या लहानशा दंडगोलावर आदळतो. त्या आघातासरशी दंडगोलाच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टांचा विद्युत्‌दाब उत्पन्न होऊन ठिणगी उडते. या लायटरात सेल नसतो. बोटाच्या जोराचेच रूपांतर विजेत झालेले असते. काही विशिष्ट पदार्थांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो, हा गुणधर्म पॅरिस येथे पिअर क्यूरी व त्यांचे वडील बंधू झाक यांनी १८८० साली क्वार्ट्‌झ, तोरमल्ली, रोशेल लवण इत्यादी स्फटिकांवर प्रयोग करून सिद्ध केला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताच्या आधारे असे भाकीत केले, की याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे अशा स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला तर त्याचा आकार बदलला पाहिजे. आणि क्यूरी बंधूंनी प्रयोगाने त्या भाकिताची खातरजमाही लगोलग करून दिली. आपल्या मनगटावरील क्वार्ट्‌झ घड्याळ हे याच दुसऱ्या गुणधर्मावर चालते. त्यातील स्फटिक विजेच्या प्रेरणेने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपांची मोजदाद करून काटे पुढे सरकतात.

नैसर्गिक क्वार्ट्‌झ घड्याळाला पुरेसा असला, तरी बळाच्या कामाला तो दुबळा ठरतो. १९५० च्या दशकात शिसे, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भट्टीत भाजून केलेले लेड झिर्कोनेट टिटॅनेट, म्हणजे ज्याला व्यवहारात पीझेडटी म्हणतात ते सिरॅमिक, सिद्ध झाले आणि त्यानंतरच दाबविद्युत् मोटरीचा विचार प्रत्यक्षात येण्याजोगा झाला. हे सिरॅमिक भट्टीतून निघते तेव्हा त्यात हा गुण बाह्यतः दिसत नाही. तापवून त्यावर प्रबळ विद्युत् क्षेत्र लावले, की त्यातील सूक्ष्म प्रदेशांचे ध्रुव एका दिशेला वळतात आणि थंड झाल्यावर बहुतांशी तसेच राहतात. या संस्काराला ध्रुवण म्हणतात. अतिरिक्त उष्णतेने हे ध्रुवण नष्ट होते व सिरॅमिक निष्प्राण होते, ही गोष्ट वाचकांनी आताच नोंदून ठेवावी, कारण निगेच्या प्रकरणी तिचा पुन्हा उपयोग होणार आहे.

अडचण एवढीच, की विजेने होणारी ही हालचाल अत्यल्प असते. पीझेडटीची एक मिलिमीटर जाडीची चकती घेऊन तिला ५०० व्होल्टांचा विद्युत्‌दाब दिला, तरी तिची जाडी एका मायक्रोमीटरच्या अर्ध्यानेही बदलत नाही. इतक्या यःकश्चित हालचालीतून अखंड फिरणारी गती निर्माण करावयाची, तर ती हालचाल दर सेकंदाला हजारो वेळा घडवून आणली पाहिजे आणि प्रत्येक वेळेचा लाभ पदरात पाडून घेतला पाहिजे. श्राव्यातीत मोटरीची सारी करामत या दोन गोष्टींत आहे.

कंपातून गती कशी निघते

सर्वांत प्रसिद्ध असलेला प्रकार म्हणजे प्रगामी तरंगाची वलयाकार मोटर. ती समजली की इतर प्रकार समजण्यास वेळ लागत नाही. तिचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, हे पितळ, कांसे किंवा पोलाद अशा लवचिक धातूचे एक कडे असते. त्याच्या एका पृष्ठावर दंतमंजनाच्या ब्रशासारखे जवळजवळ ओळीने दाते पाडलेले असतात व दुसऱ्या पृष्ठावर पीझेडटीचे पातळ वलय चिकटविलेले असते. या वलयाचे लहान लहान खंड केलेले असून लगतच्या खंडांचे ध्रुवण परस्परविरुद्ध ठेवलेले असते. त्यामुळे सर्व खंडांना एकच विद्युत्‌दाब दिला तरी एक खंड प्रसरण पावतो व शेजारचा आकुंचन पावतो, आणि कडे जागोजागी वर-खाली वाकून त्यावर तरंग उमटतो.

खंडांचा असा एकच गट असता तर तरंग जागच्या जागी नाचत राहिला असता व त्यापासून अखंड फेरा मिळाला नसता. म्हणून खंडांचे दोन गट करतात, त्या दोहोंत तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतके अंतर ठेवतात, आणि त्यांना पुरविलेल्या दोन प्रत्यावर्ती विद्युत्‌दाबांतही ९० अंशांचा कलाफरक राखतात. अशा रीतीने दोन स्थिर तरंग एकत्र आले की त्यांच्या संयोगातून कड्याभोवती सतत पुढे धावणारा प्रगामी तरंग सिद्ध होतो. दात्याच्या माथ्यावरील एखादा बिंदू या वेळी काय करतो ते पाहिले पाहिजे. तरंगाचा माथा खालून जाऊ लागला की तो बिंदू वर उचलला जातो, माथ्यावर असताना एका बाजूला सरकतो, मग खाली उतरतो आणि खालच्या खाली पूर्वस्थानी परत येतो; त्याचा मार्ग एक अतिसूक्ष्म लंबवर्तुळ असतो. नावाड्याचे वल्हे हीच चाल चालते: पाण्यात शिरते, मागे रेटते, वर निघते आणि हवेतून पुढे येते, पाण्यात असतानाचा रेटा होडीला लागतो व परतीच्या वाटेवर पाण्याचा अडथळा होत नाही. फिरणारा भाग, म्हणजे रोटर, एका भक्कम स्प्रिंगने या दात्यांवर दाबून धरलेला असतो. त्याला फक्त माथ्यावरच्या बिंदूंचा स्पर्श होतो, तेवढ्या स्पर्शात त्याला एका बाजूचा रेटा मिळतो, आणि एक माथा पुढे गेला की दुसरा त्याची जागा घेतो. माथ्यावरील बिंदूंची सरकण्याची दिशा तरंगाच्या दिशेच्या उलट असते, म्हणून तरंग ज्या दिशेने धावतो तिच्या विरुद्ध दिशेने रोटर फिरतो. रोटर उलटा फिरवावयाचा असेल तर यंत्रात काही फेरफार करावा लागत नाही; दोन विद्युत्‌दाबांमधील कलाफरकाची बाजू बदलली की तरंग उलटा धावू लागतो.

दात्यांचे प्रयोजनही येथेच स्पष्ट होते. कडे वाकताना त्याचा मध्य जवळजवळ स्थिर राहतो आणि मध्यापासून जो बिंदू जितका दूर तितकी त्याची आडवी हालचाल अधिक. दात्यांमुळे पृष्ठ मध्यापासून दूर जाते व हालचाल वाढते, आणि दात्यांच्या मध्ये फटी असल्याने कड्याचा ताठरपणा मात्र वाढत नाही.

थोडा हिशेब

एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा हालचालीने उपयोगाची गती मिळेल हे प्रथमदर्शनी पटत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहणे इष्ट. दात्याच्या माथ्याचा आडवा आयाम एक मायक्रोमीटर व कंप्रता सेकंदाला ४०,००० धरली, तर माथ्याचा परमोच्च वेग काढण्यास या दोहोंचा गुणाकार करून त्याला सुमारे ६.२८ ने गुणावे लागते. उत्तर येते सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर. ६० मिलिमीटर व्यासाच्या कड्याचा परीघ सुमारे १९ सेंटिमीटर असतो, म्हणजे रोटर सेकंदाला सव्वा ते दीड फेऱ्यांच्या दरम्यान, मिनिटाला सुमारे ८० फेरे, फिरू शकेल. या आकाराच्या ज्या मोटरी बाजारात आहेत त्यांचा निर्धारित वेगही मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपासच असतो, आणि त्यांचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचे बल, सुमारे अर्धा न्यूटन-मीटर असतो. याचा व्यवहारातील अर्थ असा, की मोटरीच्या दांड्याला दहा सेंटिमीटर लांबीचा आडवा हात लावला तर त्याच्या टोकावरचे अर्धा किलो वजन ती उचलू शकते. तळहातावर मावणाऱ्या, पाव किलोच्या आसपास वजनाच्या मोटरीकडून गिअरखेरीज हे काम होते, हे विशेष होय.

४०,००० ही कंप्रता यदृच्छेने घेतलेली नाही. मनुष्याच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपांची आहे. तिच्यापलीकडे काम चालविले की मोटर निःशब्द भासते. शिवाय प्रत्येक कड्याची एक स्वाभाविक कंप्रता असते आणि तिच्या लगत प्रेरणा दिली तर अनुस्पंदनाने अल्प विद्युत्‌दाबातही आयाम पुष्कळ वाढतो. म्हणून कड्याचे माप, जाडी व धातू यांची निवडच अशी करतात, की ही स्वाभाविक कंप्रता श्राव्य मर्यादेच्या वर पडावी.

तिचे गुण

चुंबकीय मोटर स्वभावतः वेगवान असते. मिनिटाला हजारो फेरे हे तिचे सुखाचे राज्य. तिच्याकडून सावकाश व जोराचे काम हवे असल्यास मध्ये गिअर घालावे लागतात, आणि गिअर आले की त्यांचा आवाज, त्यांची झीज व दात्यादात्यांमधील मोकळीक ही लचांडेही मागोमाग येतात. दिशा बदलताना ही मोकळीक भरून निघेपर्यंत मोटर फिरते पण टोक हलत नाही, आणि सूक्ष्म कामात तेवढी चूक फार मोठी ठरते. श्राव्यातीत मोटर मुळातच संथ व बळकट असल्यामुळे तिला गिअर लागत नाहीत. तिचा दांडा थेट कामाला जोडता येतो.

दुसरा गुण थांबण्याचा. रोटर स्प्रिंगने दाबलेला असतो व हा दाब वर सांगितलेल्या आकाराच्या मोटरीत दहा ते वीस किलो वजनाच्या घरात असतो. कंप थांबताच घर्षण त्याला जागीच पकडते. त्यामुळे ती मिलिसेकंदांत थांबते, वीज बंद असतानाही आपली जागा सोडत नाही, आणि एखादी वस्तू नुसती धरून ठेवण्यासाठी वीज खर्ची पडत नाही. तिसरा गुण असा, की तिला चुंबकीय क्षेत्राची गरजही नाही व भीतीही नाही. चौथा गुण आकाराचा आहे. तारेच्या वेटोळ्याची मोटर जसजशी लहान करीत जावी तसतशी तिची कार्यक्षमता झपाट्याने ढासळते, दाबविद्युत् मोटरीच्या बाबतीत ही घसरण तशी होत नाही. म्हणून एक सेंटिमीटरपेक्षा लहान मोटरींच्या प्रांतात ती सरस ठरते. शिवाय ती पोकळ वलयाच्या रूपात घडविता येते, आणि या एका सोयीनेच तिला तिची पहिली मोठी बाजारपेठ मिळवून दिली.

कोणत्या कामी योजावी

कंपाने रोटर ढकलण्याची कल्पना १९६० च्या दशकात सोव्हिएत युक्रेनमध्ये व १९७३ साली अमेरिकेत आयबीएमच्या एच. व्ही. बार्थ यांनी मांडली होती. परंतु एकाच जागी रेटा देणाऱ्या त्या रचनांत स्पर्शबिंदू लवकर झिजत असे. १९८२ साली जपानमध्ये तोशिइकू साशिदा यांनी प्रगामी तरंगाची मोटर सिद्ध केली आणि रेटा सबंध वलयावर वाटला जाऊन झिजेचा प्रश्न आटोक्यात आला. १९८७ साली कॅनन कंपनीने आपल्या नव्या ईओएस कॅमेऱ्यांसाठी ३०० मिलिमीटर एफ/२.८ हे भिंग बाजारात आणले. त्यात ही वलयाकार मोटर भिंगाच्या नळकांड्याभोवतीच बसविलेली होती व मधल्या पोकळीतून प्रकाश निर्वेध जात होता. जड काच झपाट्याने सरकविणे, नेमक्या बिंदूवर पुढे-मागे न डुलता थांबविणे आणि हे सारे निःशब्दपणे करणे या तिन्ही अटी तिने एकदम पुऱ्या केल्या. ताडोब्याच्या पाणवठ्यावर वाघाची वाट पाहणाऱ्यास किंवा मंगलाष्टके चालू असताना छायाचित्रे घेणाऱ्यास या निःशब्दतेचे मोल निराळे सांगण्याची गरज नाही.

भिंग विकत घेताना त्यावरील अक्षरे पाहावीत. कॅननच्या भिंगावर यूएसएम, सिग्माच्या भिंगावर एचएसएम व सोनीच्या भिंगावर एसएसएम ही अक्षरे असतील तर आत श्राव्यातीत मोटर आहे असे समजावे. निकॉन याच जातीच्या आपल्या मोटरीस एसडब्ल्यूएम म्हणते. मात्र केवळ अक्षरांवर विसंबू नये. कॅननच्या यूएसएममध्ये वलयाकार, सूक्ष्म व नॅनो असे प्रकार आहेत. वलयाकार मोटर असलेल्या भिंगात स्वयंचलित केंद्रीकरण चालू असतानाही हाताने कडे फिरवून बिंदू बदलण्याची मुभा असते, तर सूक्ष्म प्रकारच्या बहुतेक भिंगांत गिअरमार्फत काम चालत असल्याने ती नसते. एसटीएम ही अक्षरे असलेली मोटर निराळी. ती चुंबकीय स्टेपर मोटर होय. तिची चाल संथ व सफाईदार असल्याने चलच्चित्रणास ती चांगली, पण तिला श्राव्यातीत समजून अधिक किंमत देऊ नये.

रुग्णालयांतील एमआरआय यंत्राच्या दालनात दीड ते तीन टेस्ला इतके प्रचंड चुंबकीय क्षेत्र असते आणि तेथे सामान्य मोटर नेणे केवळ निरुपयोगी नव्हे तर धोक्याचे आहे. चुंबकीय धातू टाळून बनविलेली श्राव्यातीत मोटर तेथे चालते. म्हणूनच सुई अचूक जागी नेणाऱ्या यांत्रिक हातांच्या संशोधनात तिला मोठे स्थान मिळाले आहे. तथापि तिच्या तारांतून जाणारी उच्च कंप्रतेची वीज प्रतिमेत विक्षोभ उत्पन्न करू शकते, म्हणून तारांना संरक्षक वेष्टण असणे, मोटरीला वीज पुरविणारे चालकमंडल दालनाबाहेर किंवा बंदिस्त धातुपेटीत ठेवणे, आणि शक्य तेथे प्रतिमा घेण्याच्या वेळी मोटर बंद ठेवणे ही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टी, लेसर किरणाचा आरसा, अर्धवाहकांच्या तपासणीचा मंच अशा ठिकाणी सरळ रेषेत चालणाऱ्या श्राव्यातीत मोटरी योजतात. त्यांत सिरॅमिकची कंप पावणारी पट्टी आपल्या टोकाने एका घर्षणपट्टीला सारखी रेटत राहते. अमेरिकेत विकसित झालेल्या एका अतिलघु प्रकारात चार दाबविद्युत् पट्ट्या आटे पाडलेल्या नटाला डोलवितात व त्या डोलण्याने आतील स्क्रू फिरत फिरत पुढे सरकतो. अंतराळातही तिचा प्रवेश झाला आहे. २०१३ साली चंद्रावर उतरलेल्या चीनच्या चांगए-३ मोहिमेतील युतू गाडीवरच्या अवरक्त वर्णपटमापकात ती वापरली गेली. निर्वातात साध्या वंगणाचे बाष्प होऊन जाते व उपकरणे मलिन होतात. जिच्या स्पर्शपृष्ठास वंगण लागतच नाही तिला तेथे अग्रमान मिळावा हे स्वाभाविकच आहे.

कोणत्या कामी योजू नये

घर्षण काम करते तेव्हा ते झीजही करते, आणि या सत्यापासून सुटका नाही. सामान्य श्राव्यातीत मोटरीचे आयुष्य निर्धारित भारावर हजार ते काही हजार तासांचे असते. हा आकडा ऐकून निराश होण्यापूर्वी त्याचा हिशेब कामाच्या स्वरूपाप्रमाणे करावा. दिवसाला आठ तास सतत चालणाऱ्या कामावर हजार तासांची मोटर १२५ दिवसांत संपेल. पण जी हालचाल अर्ध्या सेकंदात पुरी होते अशा कामावर तेच हजार तास ७२ लाख हालचालींना पुरतील. तेव्हा पंखा, पंप, पट्टा, घुसळण अशा अखंड कामांचा विचारही करू नये. थोडे हलावे, नेमके थांबावे आणि बराच वेळ स्तब्ध राहावे अशी जी कामे असतील तीच तिला द्यावीत.

विजेच्या बचतीसाठीही तिची निवड करू नये. प्रगामी तरंगाच्या मोटरीची कार्यक्षमता शेकडा ३० च्या आसपास असते व उरलेल्या शक्तीची उष्णता होते. मोठ्या चुंबकीय मोटरींची कार्यक्षमता सहज शेकडा ८०-९० असते. शिवाय तिला सरळ बॅटरी जोडून भागत नाही. उच्च कंप्रतेचे, शंभराहून अधिक व्होल्टांचे, दोन कलांचे विद्युत्‌दाब पुरविणारे स्वतंत्र चालकमंडल लागते, आणि पुष्कळदा मोटरीपेक्षा त्याचाच खर्च अधिक येतो. अंदाजपत्रक करताना ही रक्कम वेगळी दाखवावी, अन्यथा मंजुरी मोटरीची मिळते आणि काम चालकमंडलापाशी अडते.

खरेदी व जोडणी

खरेदीपूर्वी पाच गोष्टींचा तपशील कागदावर मांडावा: किती टॉर्क व किती वेग हवा, एका दिवसात मोटर प्रत्यक्ष किती वेळ हलेल, वीज बंद असता किती भार धरून ठेवावयाचा, सभोवतालचे तापमान व आर्द्रता काय, आणि स्थानाची अचूकता किती. शेवटच्या बाबीसंबंधी एक इशारा आवश्यक आहे. या मोटरीत रोटर थोडाफार घसरतच असतो, म्हणून नुसते विद्युत् स्पंद मोजून तो कोठे पोचला हे कळत नाही. अचूक स्थान हवे असेल तर दांड्यावर एन्कोडर बसवून त्याच्या मोजमापाप्रमाणे मोटरीला हुकूम देण्याची तजवीज केलीच पाहिजे.

चालकमंडल त्याच मोटरीसाठी नेमलेले असावे. एकाचे दुसऱ्याला जोडू नये. सिरॅमिक हा विद्युत्‌दृष्ट्या धारित्र असल्याने तारांची लांबी मनास येईल तशी वाढविली तरी मेळ बिघडतो. स्वतः चालकमंडल रचणाऱ्या विद्यार्थ्यांनी कंप्रता नेहमी अनुस्पंदनाच्या वरच्या बाजूने सुरू करावी व हळूहळू खाली आणावी. वरच्या बाजूला वेग क्रमाने वाढत जातो, तर अनुस्पंदन ओलांडून खाली गेल्यास मोटर एकाएकी बंद पडते. मोटर तापली की तिची स्वाभाविक कंप्रता खाली सरकते, तेव्हा स्थिर कंप्रतेवर चालविलेली मोटर सकाळी चांगली व दुपारी निस्तेज वाटते. यावर उपाय म्हणून वलयावर एक लहान संवेदक खंड राखलेला असतो, त्याच्याकडून आलेल्या संकेताप्रमाणे कंप्रता आपोआप बदलणारी योजना करावी. या तारांना चालू असताना हात लावू नये. मोटर सुटी ठेवताना तिची टोके एकमेकांस जोडून ठेवावीत, कारण आघाताने किंवा तापमानाच्या बदलाने सिरॅमिक स्वतःच विद्युत्‌दाब निर्माण करते. सिरॅमिकात शिसे असल्याने ते कानशीने घासू नये व त्याची पूड अंगावर किंवा श्वासात जाऊ देऊ नये.

निगा

पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की या मोटरीच्या स्पर्शपृष्ठास तेलाचा थेंबही लागता कामा नये. यंत्र कुरकुरू लागले की तेल द्यावे ही आपल्याकडील कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे व इतर यंत्रांत ती शहाणपणाचीही आहे. येथे मात्र तेल लागले की दात्यांची पकड सुटते, रेटा रोटरपर्यंत पोचत नाही, आणि बोटाच्या एका चुकीने चांगली मोटर निकामी होते. ज्या मोटरीचा आवाज मुळी ऐकू येऊ नये तिच्यातून चिरका स्वर निघू लागला, तर स्पर्शपृष्ठावर ओल, धूळ किंवा स्निग्धांश आला आहे किंवा घर्षणपृष्ठ झिजले आहे असे समजावे आणि ती जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावी. जो कारागीर ती उघडण्यापूर्वीच तेलाची कुपी काढील त्याच्या हाती ती देऊ नये.

दुसरा नियम आर्द्रतेचा. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात भिंगे उघड्या कपाटात ठेवली तर बुरशीचे भय असतेच, त्याशिवाय दमटपणाने मोटरीच्या पृष्ठांची पकडही बदलते. म्हणून ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत व जेलचा रंग पालटला की ते बदलावे किंवा वाळवावे. फार दिवस बंद राहिलेली मोटर एकदम पूर्ण भारावर चालवू नये. आधी काही वेळ भाराविना दोन्ही दिशांना फिरवावी.

तिसरा नियम उष्णतेचा. उत्पादकाने नेमून दिलेली तापमानाची मर्यादा ओलांडू नये, सतत चालविल्यानंतर विसावा द्यावा, आणि निर्वातात काम असेल तर उष्णता वाहून नेण्याची निराळी तरतूद करावी. सिरॅमिकचे ध्रुवण व ते चिकटविणारा थर ही दोन्ही उष्णतेनेच बिघडतात. चौथा नियम असा, की वाट अडलेली असताना मोटरीला वीज देत राहू नये. चुंबकीय मोटर अडली तर तिची वेटोळी तापतात. ही मोटर अडली तर दाते एकाच जागी घासत राहून रोटरवर खाच पाडतात, आणि ती खाच पुढे प्रत्येक फेऱ्यात जाणवत राहते.

श्राव्यातीत मोटर ही चुंबकीय मोटरीची जागा घेण्यासाठी जन्मलेली नाही. ज्या ठिकाणी चुंबकीय मोटर अवघडते, म्हणजे जेथे हालचाल सूक्ष्म, थांबा नेमका, वातावरण निःशब्द किंवा चुंबकाने व्यापलेले आणि जागा तुटपुंजी असते, तेथे मात्र तिच्या तोडीचे साधन सहसा मिळत नाही. आपल्या तंत्रनिकेतनांतून व अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मोटरीचा पाठ वेटोळ्यापाशीच सुरू होऊन तेथेच संपतो. त्यात या मोटरीसाठी एखादा तास राखून ठेवावा, कामातून गेलेले एखादे भिंग मिळवून त्यातील कडे, दाते व सिरॅमिकचे खंड विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत आणि वर मांडलेला वेगाचा हिशेब त्यांच्याकडून त्या कड्याच्या मापावर करून घ्यावा, अशी या लेखाची आग्रहाची शिफारस आहे. ज्याने तो हिशेब एकदा स्वतः केला, त्याला पुढे कोणते काम या मोटरीस द्यावे व कोणते देऊ नये, हे दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.